समोरच्या घरची थंड हवा

माझ्या सासूला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही, हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायलाही हरकत नाही. त्यावर ती म्हणाली होती, "दुसऱ्याचं बघवते मले. निर्मलाबाईचं बघवत नाई." आणि ते अगदी खरं आहे. आमच्या केशोरीत कुणाच्या दारात ट्रॅक्टर आला, कुणाची पोरगी नर्स झाली, कुणाचं धान आमच्यापेक्षा सरस पिकलं, तर कुंदाबाई सगळ्यांच्या आधी तिथे पेढा मागायला हजर असते. फक्त समोरच्या घरी काही बरं झालं की तिच्या पोटात दुखायला लागतं.

मी तिला आत्याबाई म्हणते. पण इथे कुंदाबाईच म्हणेन, नाहीतर तिच्याविषयी मोकळेपणानं लिहिताच यायचं नाही.

निर्मलाबाईचं घर रस्त्याच्या पलीकडे, आमच्या दारासमोर दार. त्यांनी बोअर मारली, की थोड्याच दिवसांत आमच्या अंगणात बोअरची गाडी उभी. त्यांनी घराला निळा रंग दिला, की आमचं घर हिरवं झालं, तेही असलं हिरवं की अर्जुनी मोरगावहून येणारे पाहुणे ते पार वळणावरूनच ओळखतात. निर्मलाबाईनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा तर कुंदाबाईच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी आमचंही मातीचं घर पाडलं गेलं आणि स्लॅब पडला, समोरच्यापेक्षा वीतभर उंच. पहिल्याच मे महिन्यात आम्ही सगळे त्या उंच घरात भाजून निघालो. माझा नवरा ओमेश एकदा चिडून म्हणाला, "माय, आता आपण त्यायच्यापेक्षा वीतभर जास्त भाजून राहिलो." कुंदाबाईनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही त्या दिवशी.

एक सपरी तेवढी वाचली. सपरी म्हणजे घराच्या पुढची ओसरी, कवेलूची म्हणजे कौलांची, जाड मातीच्या भिंतीची, वर जांभळाची सावली. ओमेशला तिथे दुकानाची खोली काढायची होती. कुंदाबाईनं त्या भिंतीला हात लावू दिला नाही, कारण तिथे रुख्मा बसायची.

रुख्मा आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. तिचं आणि कुंदाबाईचं माहेर एकच, इटियाडोह धरणाच्या अंगाचं एक लहानसं गाव. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन केशोरीत आल्या. रुख्माचा नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन दूर गेली, राहिली ती टिनाच्या छपराच्या घरात एकटी. दुपारचं जेवण झालं की ती सपरीत यायची आणि कमरेची गुडाखूची, म्हणजे दातांना घासायच्या तंबाखूची, डबी काढायची. आधी कुंदाबाईचं बोट डबीत, मग तिचं. दोघी दातांना गुडाखू घासत बसायच्या आणि मग एकेक बाई जमायची. उन्हाळ्यात कुणी चिंचा आणायची फोडायला, कुणी मोहफुलं निवडायला. आमच्याकडे दुपारी जिच्या घरी गारवा, तिच्या घरी बायका बसतात, आणि जिच्या घरी बायका बसतात तिचं गावात वजन असतं. कुंदाबाईचं होतं. पण वजनाचं सोडा. बाकीच्या बायका आल्या नाहीत तर ती त्यांना शिव्या द्यायची आणि विसरायची. रुख्माला उशीर झाला तर रस्त्यावर जाऊन उभी राहायची.

मी गोंदिया शहरातली. माझ्या माहेरची एकही बाई या गावात नाही. मी नवी आले तेव्हा माझी हिंदी मिसळलेली बोली ऐकून सपरीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या दोघींची बोटं एका डबीत जाताना बघून मला काय वाटायचं, ते जाऊ द्या. हे लिहिणं कुंदाबाईविषयी आहे.

तर निर्मलाबाईचा मुलगा हिमांशु. तो नागपूरला एका ठेकेदाराकडे कामाला आहे, मोठ्या इमारतींमध्ये हवा खेळवण्याची कामं करणाऱ्या. गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात तो सुट्टीवर आला आणि त्यानं घरामागच्या बाडीत, म्हणजे परसात, जेसीबी लावला. पुरुषभराहूनही खोल असा लांबच लांब चर खणला, त्यात हातभर रुंद तोंडाचे प्लास्टिकचे पाइप टाकले आणि पुन्हा माती लोटून दिली. पाइपाचं एक टोक बाडीच्या कोपऱ्यात बांबूजवळ वर काढलं आणि त्यावर टोपी आणि जाळी बसवली. दुसरं टोक घराच्या मोठ्या खोलीत, भिंतीच्या पायथ्याशी. तिथे एक लहान पंखा. बस, एवढंच. ना कूलर, ना पाणी भरायची कटकट.

गावाला वाटलं पोरगं बिघडलं. माझे सासरे केवळराम तर हसून हसून बेजार झाले. "निरा पाइप गाडून राहिला बापा. पानी नाई, मोटार नाई. आता त्यातून का सोनं निघन?"

मे महिना आला तेव्हा हसणारे गप्प झाले. बाहेर ऊन असं की जनावर सावलीतून हलत नव्हतं, आणि निर्मलाबाईच्या खोलीत भिंतीच्या पायथ्यातून गार झुळूक येत होती. हिमांशु पुन्हा सुट्टीवर आला होता आणि ज्याला त्याला समजावून सांगत होता, की विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार लागतं आणि हिवाळ्यात कोमट, कारण खाली जमिनीत ऊन पोचत नाही आणि थंडीही पोचत नाही. बाहेरची तापलेली हवा त्या खोल पाइपातून लांब चालून येते, वाटेत आपली ऊब मातीला देते आणि घरात शिरेपर्यंत निवते. शिवाय कोंडलेल्या खोलीला सतत ताजी हवा मिळते ती वेगळीच.

बायका आधी नुसतं बघायला गेल्या. मग चिंचा घेऊन गेल्या. आमची सपरी हळूहळू रिकामी झाली. कुंदाबाई म्हणायची, "जाऊ दे त्यायले. गाडलेली हवा खाऊन राहिल्या. बिमार पडतीन." तोपर्यंत तिला फारसं लागलं नव्हतं, कारण रुख्मा येत होती. सपरीत आता झळा यायच्या, जांभळाची पानंसुद्धा हलत नव्हती, तरी रुख्मा ओला पदर डोक्यावर घेऊन बसायची.

मग एका दुपारी रुख्माला सपरीतच चक्कर आली. आम्ही तिच्या तोंडावर पाणी मारलं, ओमेशनं तिला मोटरसायकलवरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं बजावलं की उन्हाळाभर दुपारी गार जागेत राहायचं, नाहीतर पुढच्या वेळी नुसत्या पाण्यावर भागायचं नाही. टिनाच्या घरात तर राहायची सोयच नव्हती. दुसऱ्या दिवशी रुख्मा आमच्या दारात आली, पण पायरी चढली नाही.

"कुंदे, तू बी चाल," ती म्हणाली. "निर्मलाबाई नाई म्हणत नाई. थोडे दिवस."

"तू जाय," कुंदाबाई म्हणाली. "तुले डॉक्टरनं सांगतलं. मले कोनं सांगतलं नाई."

रुख्मा रस्ता ओलांडून गेली. तिच्या कमरेची गुडाखूची डबीही तिच्याबरोबर गेली.

त्या दिवसापासून कुंदाबाई जळू लागली. दुसरा शब्द नाही. ती सपरीत एकटी बसायची आणि समोर बघायची. निर्मलाबाईचं दार उघडं असायचं आणि दाराच्या आत, उंबऱ्याला टेकून, रुख्मा बसलेली दिसायची. खोलीत इतकी जागा असताना दारात!

"पाह्य, पाह्य," कुंदाबाई मला दाखवायची, "मुद्दाम दारात बसते. मले दिसावं म्हून. मी किती थंड बसली, पाह्य म्हनते."

"दिसत असेल तर तोंड फिरवा ना आत्याबाई," मी म्हणायची.

"मी कायले फिरवू? माही सपरी आहे."

एकदा निर्मलाबाई रुख्माशेजारी येऊन बसली. रुख्मानं डबी काढली आणि निर्मलाबाईनं त्यात बोट घातलं. रस्ता काही रुंद नाही, सगळं दिसतं. कुंदाबाईच्या हातात चिंच फोडायचा दगड होता. तिनं तो असा आपटला की चिंचोके माझ्या ताटात उडाले. संध्याकाळी तिनं जाहीर केलं, की आपल्या घरीही तसला पाइप पाहिजे, आणि तो निर्मलाबाईपेक्षा खोल पाहिजे आणि लांब पाहिजे.

ओमेशनं डोक्याला हात लावला, पण माझ्या सासऱ्यांचे डोळे चमकले. केवळराम म्हणजे चर खणण्याच्या नावानं झोपेतून उठणारा माणूस. आम्ही जातीनं कोहळी. या भागातले तलाव आमच्या जुन्या लोकांनी बांधले, आणि त्यांच्यातला काही गुण उतरला असेल तर तो माझ्या सासऱ्यांत. तलावाच्या तोंडापासून धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत पाटाचा उतार धरायचा असला की शेजारच्या गावांतून त्यांना बोलावणं येतं. पारदर्शक नळीत पाणी भरून ते दोन खुंट्यांमधली पातळी बघतात, आणि मग पाट असा उतरतो की पाणी कुठे तुंबत नाही, कुठे धावत नाही. हिमांशुला विचारायला जा, असं ओमेश म्हणाला तेव्हा ते म्हणाले, "मी त्या पोराले इचारू? त्याच्या आज्याले मी पाट धरून देल्ला."

कुंदाबाईला तर हे ऐकून स्वर्गच मिळाला. समोरच्या घरी काही विचारायला जायचं नाही, एवढीच तिची अट होती.

आमच्या घरामागे बोडी आहे, म्हणजे लहानसा तलाव. तिच्या पाळीच्या अलीकडून जेसीबीनं चर खणला. माती आत ओलसर, काळी. सासऱ्यांनी नळी धरली, खुंट्या ठोकल्या आणि उतार बांधला. बोडीकडचं टोक उंच, घराकडचं खोल. आयुष्यभर त्यांनी तसंच केलं होतं. जे घराकडे किंवा शेताकडे आणायचं, त्याला उतार घराकडे किंवा शेताकडे द्यायचा. हवा आणायची तर हवेलाही तोच. ओमेश उभा होता, मी उभी होते, जेसीबीवाला उभा होता. कुणालाच त्यात काही चुकीचं दिसलं नाही, कारण आमच्या गावात पाइप म्हटला की तो असाच पडतो.

पाइप जोडून झाले होते, माती लोटायची तेवढी बाकी होती, तेव्हा रुख्मा बाडीतून आली. डोक्यावर ओला पदर, भर उन्हात. ती चराच्या काठाशी उभी राहिली आणि वाकून बघू लागली.

"कुंदे," ती म्हणाली, "याचा उतार घराकडे काऊन आहे? निर्मलाबाईकडे बाहेर आहे. तिथं एक खड्डा आहे अन् त्यात पानी उपसाले टिनाची डबकी. हिमांशु म्हने, पावसात पाइपाले घाम सुटते, थे पानी बाहेर गेलं पाह्यजे."

सासरे चरातून वर बघून हसले. "अवो बाई, हवेले का घाम सुटते?"

ते हसण्यावारी गेलंही असतं. पण कुंदाबाईनं नेमकं "निर्मलाबाईकडे" एवढंच ऐकलं. तिचा चेहरा असा झाला की मी पुढे सरकले.

"तुले आता निर्मलाबाईच्या घरचं सारंच गोड लागते," ती म्हणाली. "तिची हवा गोड, तिचा खड्डा गोड. मले शिकवाले पाठवलं का तिनं तुले?"

"मले कोनं नाई पाठवलं."

"मंग जाय. तिथंच बस. माह्या घरी येऊ नोको."

रुख्मानं ओला पदर पुढे ओढला. ती आली तशी बाडीतून निघून गेली, आणि जेसीबीनं माती लोटली.

आता खरं सांगायचं तर आमचा पाइप निर्मलाबाईच्या पाइपापेक्षा सरस चालला. बोडीच्या ओलीमुळे तिथली माती जास्त गार होती आणि पाइपही लांब होता. पंखा लावला आणि आमच्या भाजणाऱ्या घरात अशी हवा आली की ओमेशनं दुपारी गोधडी मागितली. ही गोष्ट कुंदाबाईनं गावभर केली. "माह्या पोरानं गोधडी घेतली वो, मे महिन्यात!" बायका बघायला आल्या, मग चिंचा घेऊन आल्या. निर्मलाबाईच्या खोलीतली गर्दी अर्धी आमच्याकडे वळली. कुंदाबाई मधोमध बसून नव्या नवरीसारखी मिरवत होती.

पण पाइपाच्या तोंडाजवळची जागा, जिथे सगळ्यांत जास्त गारवा, तिथे ती कुणाला बसू द्यायची नाही. "तिथं नोको बसू, हवा तोंडावर येते, सर्दी होईन," असं म्हणायची. जागा रिकामीच राहायची. मी एकदा चटई घेऊन तिथे टेकले तर मलाही उठवलं. माझ्या सर्दीची काळजी तिला त्याआधी कधी वाटली नव्हती. आणि अधूनमधून ती उठून खिडकीशी जायची. समोर दारात रुख्मा बसलेलीच असायची.

"अजून दारातच," ती पुटपुटायची. "बसू दे. तिले वाटते मी बोलवीन."

पाऊस आला, धानाची रोवणी लागली, सगळी शेतात गेली. रोवणी संपून बायका पुन्हा दुपारच्या मोकळ्या झाल्या तेव्हा हवा चिकट झाली होती, अंगाला कपडा चिकटत होता. कुंदाबाईनं पंखा लावला. हवेबरोबर आधी एक कुबट वास आला. मग आठवडाभरात तो वास असा वाढला की जणू बोडीचा तळच खोलीत आला आहे. बायका नाकाला पदर लावू लागल्या. कुंदाबाई उदबत्त्या लावू लागली. मग पाइपाच्या तोंडातून पाणी ठिबकायला लागलं, आणि एका दुपारी, भरल्या बैठकीत, पाइपातून बेडूक ओरडला.

आधी कुणाला कळेना आवाज कुठून आला. पंख्यामागून तो पुन्हा ओरडला, घसा ताणून, आणि त्या पोकळ पाइपात त्याचा आवाज एवढा मोठा झाला की एक बाई सूप टाकून उठली. मग सगळ्या हसल्या. कुंदाबाईसुद्धा हसल्यासारखं करू लागली, पण तिचे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी निम्म्या बायका आल्या. नंतर कुणीच नाही.

हिमांशुनं सांगितलं होतं तेच झालं होतं. पावसाळ्यातली दमट हवा गार पाइपात शिरली की पाइपाला आतून घाम सुटतो, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतो तसा. माझ्या सासऱ्यांनी इतका सुरेख उतार धरला होता की तो सगळा घाम, थेंब न थेंब, आमच्या घरात येत होता. पाइपाच्या घराकडच्या टोकाला डबकं साचलं होतं आणि घरात येणारी सगळी हवा त्या डबक्यावरून येत होती. हे लक्षात आलं तसे सासरे उठले. बोडीच्या पाळीवर जाऊन बसले आणि जेवायच्या वेळीच परत आले. कुंदाबाईनं पाइपाच्या तोंडात जुनं लुगडं कोंबलं आणि पंख्याची वायर काढून टाकली.

ती पुन्हा सपरीत बसू लागली, एकटी. समोरून हसण्याचे आवाज यायचे. तिकडच्या पाइपाचं पाणी त्या खड्ड्यात जात होतं आणि निर्मलाबाई डबकीनं ते उपसून केळीला घालत होती. घराच्या कडेनं हेही दिसायचं. कुंदाबाई म्हणायची, "पाह्य, मले दाखवून दाखवून उपसते." जेवणं कमी झाली तिची. रागानं ती भांडी अशी घासायची की कल्हई उडावी. मी एकदा म्हटलं, "आत्याबाई, जाऊन बोला ना रुख्माबाईशी." तर म्हणाली, "मी कायले? तिले तिकडं बरं वाटते. निर्मलाबाई भेटली तिले." आणि पदरानं डोळे पुसून वर मलाच म्हणाली, की मी चुलीत ओलं लाकूड घातलं. आमच्याकडे गॅस आहे.

असंच श्रावणातल्या एका दुपारी समोरचं दार धाडकन वाजलं आणि निर्मलाबाई रस्ता ओलांडून आली. आजवर ती आमच्या पायरीला कधी लागली नव्हती. कपाळावर आठ्या, हातात उपसायची डबकी तशीच.

"कुंदाबाई," ती म्हणाली, "तुमची रुख्मा घेऊन जा."

कुंदाबाई उठून उभी राहिली. "का झालं तिले?"

"तिले काई नाई झालं. मले झालं. मी पोराच्या मागं लागून पाइप टाकवला. बाडी खोदली. गड्डा केला. माह्या घरी कधी कोनी बसत नव्हतं, सारा गाव तुमच्या सपरीत. म्हटलं, आता तरी बसतीन." तिचा आवाज चिरकला. "बाकीच्या बसतेत. पन हे रुख्मा! उन्हाळाभर माह्या दारात बसली. आत ये म्हटलं तर येत नाई. हवा आत आहे वो, दारात नाई! म्हने, इथून कुंदीची सपरी दिसते. दार लावू देत नाई. माही सारी थंड हवा तुमच्या सपरीकडं जाऊन राहिली, अन् तोंडात निरा कुंदी असं म्हने, कुंदी तसं म्हने, कुंदी आज जेवली नाई वाटते. मी मेली तिच्या बाजूले बसून गुडाखू लावली, मले सवय बी नाई, डोकं फिरलं माहं. तरी तिचं तोंड तुमच्याकडंच."

इतके महिने कुंदाबाईनं त्या दाराकडे बघून दात खाल्ले होते. ती निर्मलाबाईच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. उंबऱ्याला टेकून रुख्मा बसली होती. तिनं लगेच मान खाली घातली आणि पदराचं टोक चिवडू लागली.

कुंदाबाईनं चपलाही घातल्या नाहीत. चिखलातून रस्ता ओलांडला आणि निर्मलाबाईच्या दारात, उंबऱ्याच्या दुसऱ्या बाजूला, जाऊन बसली. मी आणि निर्मलाबाई मागोमाग गेलो. दोघी एकमेकींकडे न बघता रस्त्याकडे बघत होत्या.

"पाइपात बेडूक निघाला," कुंदाबाई म्हणाली.

"ऐकला मी," रुख्मा म्हणाली. "इथपर्यंत आवाज आला."

"तू सांगतलं होतं."

"सांगतलं होतं."

मग रुख्मानं कमरेची डबी काढली, झाकण उघडून मधे धरली. कुंदाबाईनं त्यात बोट घातलं. मागून निर्मलाबाई म्हणाली, "आता तरी आत बसा वो, दार लावाचं आहे," पण तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

पाऊस सरल्यावर, धान कापून झाल्यावर, सासऱ्यांनी चर पुन्हा खणायला घेतला. काठावर रुख्मा उभी होती आणि हात करून उतार दाखवत होती. तिकडे नाई भाऊजी, तिकडे, बाहेर. ज्यांच्या नळीला साऱ्या भागात कुणी प्रश्न विचारत नाही, ते माझे सासरे मान खाली घालून खुंट्या उपटत होते. बाहेरच्या टोकाला खड्डा केला, त्यात डबकी ठेवली. पाइप धुतला. थंडीच्या दिवसांत त्यातून उबदार हवा आली आणि यंदाच्या मे महिन्यात पुन्हा तशीच गार, गोधडीची.

बायका आता दोन्ही घरी बसतात. कुणी इकडे, कुणी तिकडे. पण कुंदाबाई आणि रुख्मा दोन्हीकडे फार टिकत नाहीत. आभाळ असलं, वारा सुटला, जरा ऊन उतरलं, की डॉक्टरला न सांगता दोघी सपरीत जाऊन बसतात, डोक्यावर ओला पदर घेऊन, घामाघूम. पाइपाच्या तोंडाजवळची गार जागा आता माझी. तिथून कुणी उठवत नाही.

मी तिथे बसते. खिडकीतून त्या दोघींच्या पाठी दिसतात, मधे डबी दिसते. पलीकडे आपल्या गार खोलीच्या दारात निर्मलाबाई येऊन उभी असते, दार उघडं टाकून. तीही त्यांच्याचकडे बघत असते. कधी आमची नजरानजर होते. मग ती डबकी घेऊन खड्ड्याकडे वळते, खड्डा उन्हाळ्यात कोरडा असला तरी, आणि मी खिडकी लावून घेते.